रबराचा फर्लांग

वडूजहून साताऱ्याला येणारी बस त्या खड्ड्यात गेली तेव्हा मानसिंग खराडे मागच्या लांब बाकावर टोकाला बसून पेंगत होता. खड्डा काही फार मोठा नव्हता. त्याहून मोठे खड्डे त्यानं पाहिले होते, मोजले होते आणि खरं सांगायचं तर केलेही होते. कारण बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्याची उमर गेली होती आणि हा रस्ताही, दुष्काळात लोकांनी फोडलेल्या खडीवर डांबर ओतून, त्याच्याच देखरेखीखाली झाला होता. पण मागच्या बाकाचं एक असतं. पुढच्या चाकाला जी नुसती ठेच लागते, तिचं मागच्या बाकावर उड्डाण होतं. मानसिंग उडाला, त्याची पिशवी उडाली, आणि शेजारची म्हातारी मांडीवरच्या टोपलीतल्या कोंबडीसकट वर जाऊन पुन्हा बाकावर आदळली. तिनं आधी कोंबडी चाचपली, मग कंबर. डोईवरचा पदर सारखा केला. मग कुणाकडेही न बघता, देवाला गाऱ्हाणं घालावं तशा शांत आवाजात ती म्हणाली, "ज्यानं ह्यो रस्ता केलाय, त्येला मेल्यावर ह्याच रस्त्यानं न्यावा."

सगळी बस हसली. कंडक्टर हसला. सगळे हसून झाल्यावर मानसिंगही हसला, आणि आपण जरा उशिरा हसलो हे कुणाच्या लक्षात तर आलं नाही ना, म्हणून खिडकीबाहेर बघत बसला.

शिव्याशाप त्याला नवे नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं बैलगाडीवाल्यांचे ऐकले होते, उसाच्या ट्रकवाल्यांचे ऐकले होते, एकदा तर अख्ख्या वऱ्हाडाचे ऐकले होते. पण ते सगळे घाईतले शाप. हात झडो, वाटोळं होवो, असे. त्यांत मेहनत नसायची. म्हातारीच्या शापात मेहनत होती. तो एखाद्या चांगल्या अंदाजपत्रकासारखा होता, त्यात काही सुटलेलं नव्हतं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरून घराकडची चढण चढताना मानसिंगनं त्यात पळवाट शोधायला सुरुवात केली. आपण राहतो साताऱ्यात, मरणारही बहुतेक साताऱ्यातच. मग आपल्याला वडूजच्या रस्त्यानं कोण कशाला नेईल? या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की पानाच्या दुकानाशी थांबून त्यानं पान घेतलं. पान तोंडात घातलं आणि त्याला आठवलं की साताऱ्याची मढी कृष्णाकाठी माहुलीला जातात. माहुलीचा रस्ता म्हणजे हाच रस्ता, त्याचंच साताऱ्याकडचं टोक. आणि गेल्या वर्षीच्या फेरबदलात तोही तुकडा त्याच्याच हाताखाली आला होता. पान कडू लागलं. तो चालत राहिला, आणि डोळ्यांसमोर तिरडी चालत राहिली. तिच्यावर तो होता. खांदेकरी खड्डे चुकवत होते. उजवीकडचे उजवीकडे वळत, डावीकडचे डावीकडे, आणि मधे त्याची मान एकदा इकडे, एकदा तिकडे, जणू तो मेल्यावरही कुणाला तरी नाही नाही म्हणत होता.

ही मान त्यानं पाहिलेली होती. ती वडिलांची होती. वडील लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. तिकडे डोंगर फोडून केलेले रस्ते कसे आरशासारखे असतात हे आष्ट्याजवळच्या आपल्या गावात पारावर बसून सांगणारे. मुलगा सैन्यात गेला नाही, छाती भरली नाही म्हणून परत पाठवला, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. पण रस्ते करणाऱ्या खात्यात लागला म्हटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला होता. ते गेले ऐन पावसात. गावापासून नदीपर्यंतची वाट काळ्या रानातली, गुडघाभर चिखलाची. पुढच्या खांद्याला मानसिंग. पाय रुतत होता, निघत होता, आणि प्रत्येक पावलाला वडिलांची मान हलत होती. मागं चालणाऱ्यांपैकी कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं होतं, "ओव्हरसियरच्या बापाला बी धड रस्ता न्हाई गड्या." ते कोण म्हणालं हे मानसिंगनं मागं वळून पाहिलं नाही. खांद्यावर तिरडी असताना वळता येत नाही, हे एक कारण होतंच.

घरी बायकोनं, मनुबाईनं, विचारलं की चेहरा असा का. बस लागली, असं तो म्हणाला. ते एका अर्थी खरंही होतं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी त्याला जीपबरोबर सांगलीला पाठवलं. जीपचे टायर गुळगुळीत झाले होते आणि सांगलीच्या आप्पासोंच्या दुकानात जुन्या टायरांवर नवी नक्षी चढवून मिळत असे. आप्पासो गोरेगोमटे, घामाघूम, अखंड बोलणारे गृहस्थ. नवं रबर चढवण्याआधी जुना टायर खरवडावा लागतो, आणि त्या खरवडण्यातून रबराचा काळा भुसा पडतो, मोहरीएवढाल्या कणांचा. त्याची पोती दुकानामागं रचलेली होती. जाळावं तर शेजारपाजारचे काठ्या घेऊन येतात, नदीत टाकावं तर गाव येतं, ठेवावं तर जागा जाते, असं आप्पासो सांगत होते. मानसिंग ऐकत नव्हता. खुर्ची नव्हती म्हणून तो त्यांतल्याच एका पोत्यावर टेकला होता, आणि टेकल्या टेकल्या त्याला बसमधल्या बाकाची आठवण झाली होती, पण उलटी. तो जरा उठून पुन्हा बसला. पोतं दबलं आणि पुन्हा वर आलं. तो पुन्हा उठला, पुन्हा बसला. आप्पासो बोलायचे थांबले.

मानसिंगच्या डोक्यात पुण्याच्या प्रशिक्षणातली एक दुपार जागी झाली होती. जेवणानंतरचं व्याख्यान, निम्मा वर्ग झोपलेला, आणि फळ्यापुढचे प्रोफेसर सांगत होते की डांबर हा मोठा लहरी माल आहे. उन्हात पाघळतो, थंडीत कडकतो. कडकला की चिरतो, चिरला की पाणी आत शिरतं, आणि पाणी शिरलं की रस्ता गेलाच म्हणून समजा. बाहेरच्या देशांत म्हणे तापल्या डांबरात रबर घालतात. रबर फुगतं, डांबर दाट होतं, उन्हात धरून राहतं आणि थंडीत ताणलं जातं. तेव्हा मानसिंगला वाटलं होतं, आपल्याकडे वेळेवर डांबर मिळायची मारामार, त्यात रबर कुठलं आणायचं? आणि आता तो त्याच रबरावर बसून खालीवर होत होता. त्यानं आप्पासोंना विचारलं की ही पोती ते देतील का. आप्पासोंनी त्याच्याकडे निरखून बघितलं, आणि माणूस शुद्धीवर यायच्या आत पोती जीपमध्ये चढवायला सुरुवात केली. साताऱ्यापर्यंतचा प्रवास मानसिंगनं भुशाच्या पोत्यांवर बसून केला. मधल्या खड्ड्यांचा त्याला पत्ताही लागला नाही.

मोठे साहेब प्रयोगांच्या विरुद्ध नव्हते. प्रयोग फक्त लांब व्हावेत एवढंच त्यांचं म्हणणं असे. वडूजच्या अलीकडे, माळावर, जिथं बाभळी आणि मेंढरं यांच्याशिवाय कुणी बघणारं नाही तिथं, एक फर्लांग, मैलाचा आठवा भाग, त्यांनी देऊन टाकला. मानसिंग कामाला लागला, म्हणजे आधी मनात लागला. एका संध्याकाळी मनुबाई पिठलं करत होती आणि तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तो असा कधी उभा राहिला नव्हता. उकळत्या पाण्यात ती पीठ सोडत होती, ढवळत होती, आणि तो भांड्यात बघत होता. एकदम सगळं ओतलं तर काय होईल, असं त्यानं विचारलं. गुठळ्या होतील, ती म्हणाली. मग त्यानं विचारलं, किती वेळ ढवळायचं, आणि जाळ किती. मनुबाईनं पळी थांबवली. गेले काही दिवस त्याच्या कपड्यांना जळका वास येत होता, झोपेत तो फुगतंय फुगतंय असं काहीतरी बरळत होता, आणि आता हे. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. त्यामुळे ती जास्तच घाबरली आणि दुसऱ्या दिवशी आईला बोलावून घेतलं. सासूबाई आल्या, जावयाला बघितलं, आणि ह्याला कशाची तरी बाधा झाली आहे पण ती निरुपद्रवी दिसते, असा निर्वाळा देऊन दोन दिवस राहून गेल्या.

माळावर पहिल्या दिवशी डांबर उतू गेलं. पोती उघड्यावर राहिली होती, त्यांत दव उतरलं होतं, आणि ओला भुसा तापल्या डांबरात पडताच टाकी दुधासारखी फसफसून वर आली. धुळा मुकादम आणि त्याची माणसं चार दिशांना पळाली. काळा फेस टाकीच्या कडेवरून सावकाश, अगदी दिमाखात उतरला आणि माळावर पसरला. मानसिंग एकटाच जागेवर उभा होता. धीटपणानं नव्हे, त्याला पळायचं सुचलं नव्हतं. त्याला वाटत होतं की हे सगळं आपल्या आतूनच उतू चाललं आहे: वडिलांची मिशी, म्हातारीची कोंबडी, पुण्याची दुपार. तेवढ्यात खडी वाहणारी भामाबाई पुढं आली, फेस कुठल्या बाजूला गेला ते तिनं नीट बघितलं, आणि रथसप्तमीला दूध उगवतीकडं उतू जातं तसंच हे गेलंय, साल चांगलं जाणार, असं सगळ्यांना सांगून टाकलं. पळालेली माणसं परत आली. धुळा मात्र टाकीपासून अंतर राखूनच म्हणाला, "सायेब, डांबराला बी सण असत्यात हे ठावं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी भुसा उन्हात वाळवून घेतला. मानसिंगनं तो स्वतः, मूठ मूठ, दमानं सोडला, आणि माणसं आळीपाळीनं लांब दांड्यानं ढवळत राहिली. ढवळणाऱ्याचे दंड भरून यायला लागले तेव्हा त्याला कळलं की रबर फुगलं. डांबर आता ओघळत नव्हतं. दांड्यावरून सावकाश सुटत होतं, तोडायला गेलं तर ताणून मागं जात होतं. खडीवर ते पडलं, वर बारीक खडी पडली, रोलर फिरला. चार दिवस सगळ्या माळावर टायर जळाल्यासारखा वास होता आणि जाणाऱ्या बसमधले लोक नाकाला पदर लावून कुणाचं काय पेटलंय म्हणून वाकून बघत होते. फर्लांग पुरा झाला. रोलर वडूजला परत गेला. मानसिंग बाभळीखाली भाकरी सोडून बसला, आणि पहिला घास घेतो तोवर बिराप्पा धनगराची मेंढरं रस्त्यावर आली.

मेंढरांची एक रीत असते, पुढचं जिकडं जाईल तिकडं सगळी जातात. पुढच्याला नवा रस्ता आवडला. तो ऊबदार होता आणि पायाखाली थोडा दबत होता. मानसिंग भाकरी हातात घेऊनच धावला, ओरडला, पण तोवर सबंध कळप फर्लांगाच्या या टोकानं शिरून त्या टोकानं बाहेर पडला होता, आणि मागं राहिली होती खुरांची नक्षी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणी मुद्दाम ठसे उठवावेत तशी. रोलर बोलावून आणेपर्यंत सगळं घट्ट झालं होतं. बिराप्पाच तक्रार घेऊन आला. "आवं सायेब, माझ्या मेंढरांचं पाय काळं केलं की तुमी." मानसिंगनं माफी मागितली.

मोठे साहेब पाहणीला आले ते नेमके याच नक्षीवर उतरले. जीपच्या दारातून त्यांनी खाली बघितलं, मग मानसिंगकडे, मग पुन्हा खाली. त्यांनी बुटाची टाच रोवून दाबली. टाच किंचित आत गेली आणि वर आली. साहेबांना हे आवडलं नाही. आपण उभे असताना पायाखालच्या वस्तूनं आपलं ऐकून पुन्हा स्वतःचंच खरं करावं, हे त्यांना कुठंच चालत नसे. त्यांनी पुन्हा दाबली. पुन्हा तेच. "खराडे, रस्ता म्हणजे रस्ता असावा. गादी नसावी," ते म्हणाले, आणि पृष्ठभाग मऊ, वास उग्र, प्रयोग अयशस्वी, असा निकाल त्यांनी तिथंच सांगून टाकला. मानसिंगच्या तोंडात बरंच काही होतं. तापमान, ताण, पाणी, पुण्याचे प्रोफेसर. पण साहेबांसमोर त्याच्या तोंडातून आलं ते एवढंच, की होय साहेब. परतताना जीपमध्ये त्याला वाटलं, आपल्याला सैन्यात घेतलं नाही ते बरोबरच केलं. छातीचा तेवढा प्रश्न नसावा.

मग पाऊस आला, गेला, पुन्हा आला. मानसिंग दुसऱ्या कामांना लागला. पण आठवड्यातून एकदा, कामाचं निमित्त काढून, तो वडूजच्या बसमध्ये मागच्या लांब बाकावर बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. बस खडखडत, आदळत, कण्हत चाललेली असायची. खिडक्यांच्या काचा, कंडक्टरची पेटी, बायकांच्या पाट्यांतली भांडी, सगळं वाजत असायचं. आणि मग एकदम ते सगळं थांबायचं. बस जणू श्वास धरायची. तेवढा फर्लांग ती नुसती गुणगुणत जायची, आणि मानसिंगच्या अंगावर काटा यायचा. फर्लांग संपला की पुन्हा दाणदिशी खडखडाट. तो डोळे उघडून आजूबाजूला बघायचा. कुणाच्याही चेहऱ्यावर काहीही नसायचं. झोपलेले झोपलेलेच होते, भांडणारे भांडतच होते. उलट तेवढ्या शांततेत त्यांचं भांडण जरा चांगलं ऐकू आलं होतं, इतकंच. खड्डा आला तर माणसं करणाऱ्याचा उद्धार करतात. खड्डा आला नाही तर काय आलं नाही हे त्यांना कोण सांगणार? एकदा त्याला इतकं राहवेना की शेजारच्या माणसाला त्यानं विचारलं, आत्ता काही जाणवलं का. त्या माणसानं घाईघाईनं आपला खिसा चाचपला आणि जागा बदलली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या बाजूच्या रस्त्याची दशा अशी झाली की आमदारांची गाडी रुतली, आणि सगळा तुकडा उखडून नव्यानं करायचा हुकूम निघाला. सगळा म्हणजे सगळा. मानसिंगनं धीर करून साहेबांना सांगितलं की मधला एक फर्लांग शाबूत आहे. साहेब म्हणाले, शाबूत असला तरी एकसारखेपणा नको का. आणि तो अयशस्वी फर्लांग तर आधी काढा.

तर मानसिंग आपलाच फर्लांग खणायला गेला. धुळाची माणसं कुदळी घेऊन ओळीनं उभी राहिली. कडेचा जुना रस्ता एका घावात पापडासारखा सुटत आला होता, त्यामुळे सगळे उत्साहात होते. पहिल्यानं कुदळ उचलली, हाणली, आणि ती रस्त्यावरून उसळून त्याच्या खांद्यावरून मागं गेली. तो कुदळीकडे बघत राहिला. दुसऱ्यानं हाणली. तिसऱ्यानं. मग सगळ्यांनी एकदम हाणल्या आणि सगळ्या एकदम परत आल्या. मेंढरांच्या खुरांच्या ठशांतली तेवढी थोडी धूळ उडाली. धुळानं मुंडासं काढलं, घाम पुसला, मुंडासं पुन्हा बांधलं. "सायेब," तो म्हणाला, "ह्यो आपल्यालाच हाणतोय."

मानसिंगनं कुदळ मागितली. ओव्हरसियरनं कुदळ धरायची नसते, आणि त्यानं ती इतक्या वर्षांत धरलीही नव्हती. त्यानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि मधोमध जाऊन उभा राहिला. हुकूम तर पाळायला हवा होता. आणि मोडू नये असंही वाटत होतं. उचललेली कुदळ डोक्यावर असताना आपण नक्की कुणाच्या बाजूचे आहोत हे त्याला कळेना, म्हणून त्यानं सगळं बळ लावून घाव घातला. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, स्वतःसुद्धा. कुदळ उसळली. मुंग्या मनगटापासून दंडात, दंडातून मानेत, मानेतून दातांपर्यंत चढल्या. तो मागच्या मागं बसला, आणि बसल्या बसल्या हसायला लागला. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत. भामाबाई पाण्याची घागर घेऊन आली आणि त्याच्याजवळ न जाता ती थोड्या अंतरावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, फर्लांग निघाला का. निघत नाही, मानसिंग म्हणाला. निघत नाही म्हणजे काय, साहेब म्हणाले. माणसं कामचुकार आहेत, पाठीशी उभं राहून करून घ्यायचं असतं. यावर एरवी तो होय साहेब म्हणाला असता. ते शब्द जिभेवर आलेही होते. पण दंडातल्या मुंग्या अजून उतरल्या नव्हत्या, आणि तो ऐकतो आहे तोवर त्याच्याच तोंडातून आवाज आला, "तुम्ही एकदा या साहेब. एक घाव घालून बघा."

साहेब आले, रागानं आले. टेरिलिनची पँट, चकचकीत बूट. कुणाशीही न बोलता त्यांनी धुळाच्या हातातली कुदळ घेतली. माणसं मागं सरली. साहेबांनी कुदळ चांगली उंच नेली आणि हाणली. ती उसळली आणि त्यांच्या हातातून सुटून बाभळीच्या मुळाशी जाऊन पडली. साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. कुणी हसलं नाही. हसू नये म्हणून धुळा दुसरीकडं तोंड करून खोकत होता. साहेबांनी चष्मा वर सारला. वाकून खुराच्या एका ठशात बोट घातलं, दाबलं, काढलं. ठसा होता तसाच होता. बराच वेळ ते ओणवेच राहिले. मग उठले, हात झटकले, कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "खराडे, यात काय घातलं म्हणाला होतात तुम्ही?"

पलीकडं तीन दगडांवर भामाबाईनं चहाचं आधण ठेवलं होतं आणि त्याचा धूर माळावरून सरळ वर चालला होता. मानसिंगनं सकाळी पुन्हा कुदळ धरताना काढून ठेवलेले आपले बूट शोधले, सावकाश पायांत चढवले, नाड्या बांधल्या. साहेब उभे होते.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी च्या घेऊ."